घर दगडाचं आहे का?

११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारचे साडेबारा होत आले होते. मी पुण्यात ऑफिसात होतो आणि लातूरहून आईचा फोन आला. आई भर दुपारी कधी फोन करत नाही. पोरगं जेवत असेल, कामात असेल, ही तिची जुनी काळजी. म्हणून स्क्रीनवर घरचा नंबर दिसला तेव्हाच पोटात गोळा आला. अण्णांचं काही झालं असणार, असंच वाटलं.

"अरे, जपानला भूकंप झालाय मोठा. ताईचा फोन लागंना. मघापासून लावायले मी."

"तिकडे रोजच होतात गं," मी म्हणालो. ताई स्वतःच तसं सांगायची. टोक्योला गेल्या गेल्या पहिल्या महिन्यात ती प्रत्येक हादऱ्याची बातमी कळवायची. पुढे सहा महिन्यांनी विचारलं की म्हणायची, झाला असेल, मी भाजी चिरत होते. आईला मी तेच ऐकवलं, फोन ठेवला आणि जेवायला कँटीनमध्ये गेलो. तिथे टीव्ही लावलेला होता आणि त्याच्यासमोर सगळे ताटं हातात धरून उभे होते.

हेलिकॉप्टरमधून घेतलेलं ते चित्रण पुढे जगाने शेकडो वेळा पाहिलं. नातोरीजवळची सपाट शेतं, प्लास्टिकची हरितगृहं, आणि त्यांच्यावरून सरकत येणारं काळं पाणी. लाट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं त्यात काही नव्हतं. फेस नाही, उसळी नाही. घरं, गाड्या, होड्या आणि कुठेतरी लागलेली आग असं सगळं पोटात घेऊन पाणी पुढे येत होतं. एका रस्त्यावर एक गाडी थांबली, वळली, परत थांबली. खाली लाल पट्टीत एकच शब्द होता: जपान. आणि आकडा, ८.९.

मी ताईचा नंबर लावला. लागला नाही. भावोजींचा लावला. एक टुंग आवाज आणि जपानी बाईचा शांत, नम्र स्वर. काय म्हणतेय ते कळत नव्हतं. तो स्वर त्या दुपारी मी किती वेळा ऐकला असेन कोण जाणे. अजून आठवतो.

तेवढ्यात आईचा दुसरा फोन आला. तिनेही तेच पाणी पाहिलं होतं. पण तिचा प्रश्न पाण्याबद्दल नव्हता.

"अरे, ताईचं घर दगडाचं आहे का?"

मी ताईच्या घरी कधी गेलेलो नव्हतो. फोटोंमधून जेवढं दिसलं तेवढंच माहीत. टोक्योच्या पूर्वेकडचं निशी-कासाई, जिथे आपल्याकडची आयटीतली बरीच कुटुंबं राहतात. नवव्या मजल्याची गॅलरी, दोरीवर आठ महिन्यांच्या भाचीची दुपटी, मागे नदीचं रुंद पात्र. "दगडाचं नाही गं, सिमेंटची बिल्डिंग आहे," मी म्हणालो.

"पक्कं ना? दगड-माती नाही ना?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. तिच्या आवाजात किंचित सैलपणा आला आणि मला भरून आलं, कारण तो प्रश्न कुठून आला हे मला ठाऊक होतं.

*

आमचं घर लातुरात, पण आईचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला तो तिच्या माहेरच्या शिवारात झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. लोक मिरवणुकीतून दमून उशिरा घरी येऊन झोपलेले. ज्या घरांत झोपले ती घरं आमच्या भागातली नेहमीची माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या दीड-दोन हात रुंद भिंती, लाकडी खण, आणि वर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरासारखं सुख नाही. बाहेर अंगाची लाही होत असताना आत माठातल्यासारखं गार. पण दर पावसाळ्याआधी गळती बंद करायला वर आणखी पांढरी टाकायची, म्हणजे बापजाद्यांपासून छताचं वजन वाढतच गेलेलं. रिश्टरवर सहाच्या थोडा वरचा भूकंप, पण अगदी उथळ. भिंतींचे गोल दगड सुटे झाले आणि वरची माती खाली आली. आठ-दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. जी दबली त्यांतली कित्येक दगडाने न मरता मातीने श्वास कोंडून गेली. आईची मंगरूळची चुलतबहीण आणि तिची दोन मुलं त्यांत होती.

मी तेव्हा सात वर्षांचा. मला जे आठवतं ते लाजिरवाणं वाटावं इतकं आनंदाचं आहे: पुढचे कित्येक दिवस आम्ही शाळेच्या मैदानावर ताडपत्रीखाली झोपलो आणि शाळेला सुट्टी होती. आमच्या घराला भेगा पडल्या होत्या, बाकी लातूर शहर तसं उभं होतं. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. पण धक्के थांबत नव्हते. घरात झोपायची वेळ आली तेव्हा आईने उतरंडीवर एक पितळी वाटी पालथी घालून तिच्यावर पेला ठेवायला सुरुवात केली. जमीन हलली की पेला आधी वाजायचा. तो ठेवायचं काम ताईचं. अकरा वर्षांची होती ती. रोज झोपण्याआधी दिवा बंद करायचा, देवाला नमस्कार करायचा आणि पेला ठेवायचा. दोन वर्षं तरी तिने तो ठेवला असेल.

आणि मामा. मामा तेव्हा मस्कतला एका बांधकाम कंपनीत होता. त्याने बातमी रेडिओवर ऐकली. बातमीत लातूर म्हणाले. सगळं जग त्याला लातूरचा भूकंपच म्हणत होतं आणि आजही म्हणतं. लातूर हे जिल्ह्याचं नाव, बाहेरच्यांना उच्चारता येण्यासारखं, नकाशात सापडणारं. मंगरूळ, सास्तूर, तळणी, एकोंडी ही नावं बातमीच्या पहिल्या ओळीत मावणारी नव्हती. पण मामाची बहीण लातुरात राहत होती. त्याच्यासाठी बातमीचा अर्थ सरळ होता.

त्याने दोन दिवस फोन लावले. आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात होता, आणि ते दुकान बंद. अण्णांनी तिसऱ्या दिवशी तार केली, सर्व सुखरूप. त्याच दिवशी मामा विमानात बसला. मुंबईहून एसटीने आला. मदतीचे ट्रक, बघ्यांच्या जीपगाड्या आणि पाऊस यांतून ती बस कशीबशी पोचली. मैदानाच्या कडेला तो उभा राहिला, आणि आम्ही ताडपत्रीखालून बाहेर आलो तेव्हा त्याने आमच्या डोक्यांवर हात ठेवत मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार.

दरवेळी मामा यायचा तो दोन बॅगा भरून. साबण, टँगचे डबे, बॅटऱ्या, आईला साडी, ताईला पेन्सिलींचा डबा. त्या वेळी त्याच्या खांद्याला एक रिकामी शबनम होती. मला त्याचं वाईट वाटल्याचं आठवतं. त्याने काहीच का आणलं नाही, हे कळायला मला खूप वर्षं लागली.

ती तार त्याला परत मस्कतला गेल्यावर मिळाली. खोलीतल्या सोबत्याने उशीखाली ठेवली होती. तो निवृत्त होऊन सोलापूरला आला तेव्हा पासपोर्टच्या कव्हरात ती घडी घातलेली होती. "सर्व सुखरूप," तो एकदा म्हणाला, "हे तर कुणीही लिहितं. हातात पडली असती तरी मी निघालोच असतो."

*

ताईचा ईमेल त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजून गेल्यावर आला. चार ओळी, तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. आम्ही दोघी ठीक आहोत. शेजारच्या शाळेच्या मैदानात होतो, आता घरी आलो. हे अजून ऑफिसातून आले नाहीत, गाड्या बंद आहेत. फोन लागत नाही, आईला सांग.

मी आईला फोनवर शब्दन्‌शब्द वाचून दाखवला.

"हे तिनंच लिहिलंय कशावरून?" आई म्हणाली.

मी वैतागलो. तिच्या खात्यावरून आलाय, तिच्याशिवाय कोण लिहिणार, असं काहीतरी तोडून बोललो. त्या बोलण्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. अण्णांच्या तारेला मामा जे म्हणाला होता तेच आई म्हणत होती. सुखरूप हा शब्द आपण पत्राच्या पहिल्या ओळीत इतका सवयीने लिहितो की खरी गरज पडते तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं.

फोन का लागत नव्हते हे पुढे कळलं. तारा तुटल्या होत्या असं नाही, निदान टोक्योत तरी नाही. सगळे एकाच वेळी फोन लावत होते म्हणून आणीबाणीचे कॉल जावेत यासाठी मोबाइल कंपन्यांनी बाकीचे कॉल अडवले, कुठे सत्तर टक्के, कुठे पंच्याण्णव. इंटरनेटवर मात्र तेवढा अडसर नव्हता. म्हणजे ज्या बारीक वाटेने ताईच्या चार ओळी आल्या ती वाट खुली होती, आणि आम्ही लातूरहून, पुण्याहून, सोलापूरहून बंद दारावर धडका देत होतो. जगभरातून असे किती जण देत असतील. आमच्यामुळे त्या दाराशी गर्दी वाढत होती हे आम्हाला कोण सांगणार?

भावोजी ओतेमाचीहून चालत निघाले होते. नेहमी मेट्रोने वीस मिनिटांचा रस्ता. त्या संध्याकाळी टोक्यो आणि भोवतालच्या शहरांत पन्नास लाखांहून जास्त माणसं घरी पोचू शकत नव्हती. जपानीत त्यांच्यासाठी एक शब्दच आहे, ज्याचा अर्थ घरी परतू न शकणारे निर्वासित. भावोजी सांगतात की फुटपाथ माणसांनी भरले होते आणि कुणी बोलत नव्हतं. बुटांचे आवाज फक्त. दुकानदारांनी दारं उघडून संडास वापरा अशा पाट्या लावल्या होत्या. सार्वजनिक फोन फुकट केले होते आणि प्रत्येकासमोर रांग होती. पूल ओलांडताना ते खाली पाहायचे. नदीचं पाणी उलटं वाहतंय का, हे बघायला.

रात्री अकराला स्काइप लागलं. आमच्याकडचे अकरा, म्हणजे तिकडे पहाटेचे अडीच. लातूरच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी लॅपटॉपसमोर बसलो आणि माझा मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरला टेकवून धरला. दुसऱ्या टोकाला आईच्या कानाला फोन. ताईचं चित्र अडकत होतं, आवाज तुटत होता. आधी तिने सगळं सांगितलं: हे पोचले, बाळ झोपलंय, आम्ही बूट घालूनच बसलोय, गॅस बंद आहे. आई नुसती हं हं करत होती. मला कळत होतं की तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

मग ताई म्हणाली, "आई, बरणी फुटली गं."

"कुठली?"

"कैरीची. तू मागच्या वर्षी दिलेली. कपाटातून खाली आली. घरभर तेल झालंय. पुसलं तरी वास जाईना."

जरा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग आई म्हणाली, "किती होतं त्यात?"

"अर्धी होती."

"पोरगी रांगायलीय ना आता? खापऱ्या नीट वेच. कपाटाखाली बघ. ओल्या कापडानं दोनदा पुस."

"हो."

"लोणचं देईन दुसरं," आई म्हणाली आणि रडायला लागली. दुपारपासून पहिल्यांदा. मोबाइल धरलेला माझा हात भरून आला होता, पण मी तो हलवला नाही.

मला वाटतं ते तेल आईला दिसलं. तिच्या हातचं, तिच्या मोहरीचं तेल, अनोळखी फरशीवर पसरलेलं. ते पुसणारी बाई जिवंतच असली पाहिजे.

*

भूकंप मोजण्याची एक गोष्ट ताईने मला नंतर समजावली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बातमीत एकच आकडा येतो. भूकंप नऊचा होता. किल्लारीचा सहाचा. तो आकडा भूकंपाचा, जमिनीखाली किती ताकद सुटली त्याचा. जपानी टीव्हीवर मात्र भूकंप झाला की मिनिटा-दोन मिनिटांत नकाशा येतो आणि त्यावर गावागावाला वेगळा आकडा असतो. त्याला शिंदो म्हणतात. शून्य ते सात, त्यात पाच आणि सहाचे खालचा-वरचा असे दोन भाग. शिंदो सांगतो की तू उभा आहेस तिथे किती हललं. त्या दिवशी मियागी प्रांतातल्या कुरिहारा गावात सात होता. टोक्योत पाचाच्या आसपास. पाच म्हणजे कपाटं पडतात, बरण्या फुटतात, माणसाला काही धरल्याशिवाय चालता येत नाही. पण नीट बांधलेल्या इमारती उभ्या राहतात.

म्हणजे नऊ हा आकडा जगात फिरला आणि पाच हा आकडा ताईच्या घरात होता. आमच्यापर्यंत नऊ पोचला. पाच पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

ते काळं पाणी आलं त्या बाजूचं सेंदाई शहर ते टोक्यो हे अंतर आमच्या लातूर ते पुणे एवढं आहे. हे मी आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग काल का नाही सांगितलंस?" काल मलाही ते सुचलं नव्हतं. काल माझ्यासाठीही जपान म्हणजे एक ठिपका होता आणि त्या ठिपक्यावर पाणी चढत होतं. मस्कतहून मामाला लातूर जसं दिसलं असेल तसंच. कुणी आपल्या मंगरूळच्या माणसासाठी रडावं तर नाव लातूरचं; कुणी लातूरच्या माणसासाठी जीव टांगणीला लावावा तर मेलेला मंगरूळला.

आणि आईचा तो दगडाचा प्रश्न त्या दिवशी चुकीचाच होता, हेही खरं आहे. जपानमध्ये त्या दिवशी जी सुमारे पंधरा हजार नऊशे माणसं गेली आणि अडीच हजार सापडलीच नाहीत, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त पाण्यात गेली. घर कशाचं आहे याला तिथे अर्थ नव्हता, किती उंचीवर आहे याला होता. पण आपल्यावर जे एकदा कोसळलं तेच आपण दुसऱ्यासाठी घाबरतो. आईने समुद्र आयुष्यात एकदा पाहिला होता, अलिबागला, गुडघाभर पाण्यात उभं राहून. तिला माती माहीत होती.

*

वाटलं होतं, झालं. पण खरी ओढाताण पुढे सुरू झाली. शनिवारी दुपारी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात पहिला स्फोट झाला, सोमवारी दुसरा. टोक्यो तिथून सव्वादोनशे किलोमीटर. आता घाबरण्यासारखी गोष्ट डोळ्यांना दिसतही नव्हती. भूकंपाला घर आहे का, कशाचं आहे, असं विचारता येतं. हवेला काय विचारणार? आमच्या इथे मोबाइलवर मेसेज फिरत होते: पावसात भिजू नका, गळ्याला बीटाडीन लावा. आईने ताईला बीटाडीन लावायला सांगितलं. ताई हसली नाही, हो म्हणाली.

परदेशी लोक टोक्यो सोडत होते. निशी-कासाईतल्याही कितीतरी आपल्या कुटुंबांनी बायका-मुलांना भारतात पाठवलं, काही सगळेच आले. ताईच्या मजल्यावर दोन घरं बंद झाली. आई रोज एकच म्हणायची, पोरीला घेऊन ये. मग रोज दोनदा. मग अण्णाही. मग मी. मी तिकिटांचे दर बघून ठेवले होते. ताई म्हणायची, बघते. भावोजींच्या कंपनीचं काम सुटण्यासारखं नव्हतं आणि त्यांना एकटं ठेवून यायला तिचं मन होत नव्हतं.

२३ मार्चला बातमी आली की टोक्योच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलं, लिटरला २१० बेक्वेरेल. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा १००. वर्षाच्या आतल्या मुलांना नळाचं पाणी देऊ नका. ताईची मुलगी आठ महिन्यांची. सरकारने अशा प्रत्येक बाळामागे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या वाटल्या. ताई रांगेत उभी राहून त्या घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिथलाच आकडा ७९ वर आला आणि बंदी उठली, पण लातूरला तो २१० च पोचला होता.

त्या रात्री आई तिच्यावर ओरडली. मी तिला ताईवर असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "तुला पोरीची काळजी नाही का? काय करायलीस तू तिथं?"

ताई बराच वेळ गप्प होती. मग अगदी हळू म्हणाली, "आई, मामा आपल्याला सोलापूरला न्यायला आला होता. तू का नाही गेलीस?"

मला ते माहीत नव्हतं. मी सात वर्षांचा होतो. मामा तेव्हा फक्त आम्हाला बघायला आला नव्हता, न्यायला आला होता. सोलापूरला आजीकडे, महिना दोन महिने, धक्के थांबेपर्यंत. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांची ड्यूटी औशाला मदत छावणीत लागलेली. ते येऊ शकत नव्हते. आणि आई म्हणाली होती, हे इथं असताना मी जात नाही. मामाने हात जोडले होते म्हणे. ताईने ताडपत्रीच्या आतून ते सगळं ऐकलं होतं, आणि मग आईने तिला पितळी वाटी दिली होती.

आईने त्यावर उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर तिने ये म्हणणंही बंद केलं. बाटल्या किती उरल्या एवढंच विचारायची.

त्याच आठवड्यात मामाचा सोलापूरहून आईला फोन आला. तो मला आईनेच पुढे सांगितला. मामा म्हणाला, "आक्का, तुला आता कळलं का मस्कतला माझं काय झालं होतं?" आई म्हणाली, कळलं. एवढंच बोलणं. दोघं भावंडं मग बराच वेळ फोन धरून बसली होती.

महिन्याच्या शेवटी पेपरात छोटी बातमी होती. आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जवान मियागी प्रांतातल्या ओनागावा गावात शोधकार्याला गेले. त्या दलाची ती देशाबाहेरची पहिलीच मोहीम. आईने ती बातमी कापून देवघरातल्या पोथीत ठेवली. किल्लारीला कुठकुठून माणसं आली होती, ती म्हणाली, आपण कुणाला ओळखतही नव्हतो.

*

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली. ताई अजून टोक्योतच आहे, त्याच भागात, घर बदललंय. तिच्या फोनवर भूकंपाचा मोठा हादरा पोचण्याआधी काही सेकंद सूचना वाजते. तो आवाज तिने आईला एकदा ऐकवला होता. आई म्हणाली, "म्हणजे आपला पेलाच की."

१ जानेवारी २०२४. दुपारी पाऊण वाजता घरच्या ग्रुपवर ताईचा मेसेज आला, बातमी येण्याआधी. इथे थोडंच हललं, शिंदो तीन. आम्ही तिघंही घरात. मोठा झालाय तो पलीकडच्या किनाऱ्यावर, नोतोला. ती आता हे सगळं एका दमात लिहिते, आधी आकडा, मग माणसं, मग गाव. थोड्या वेळाने टीव्हीवर पट्टी आली, जपान, आणि आकडा ७.६. पण आईने तो आकडा पाहण्याआधी तीन हा आकडा पाहिला होता.

आम्ही व्हिडिओ कॉल लावला. यंदा लगेच लागला. भाची समोर आली, तेरा वर्षांची, केस कापलेली. ताई स्वयंपाकघरात होती. मला वाटलं, आता आई विचारेल, जेवलीस का, शाळा कधी सुरू.

आई म्हणाली, "त्या गावात घरं दगडाची आहेत का गं?"

"दगडाची नाहीत आजी. लाकडाची. खूप जुनी. आणि वर काळी कौलं असतात, जड. बर्फासाठी. ती पडली."

"म्हणजे वर वजन."

"हो."

"घरात माणसं होती?"

"आज नवीन वर्ष आहे ना आजी. सगळे गावाकडे आजी-आजोबांकडे जातात."

आई थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. भाचीनेही काही घाई केली नाही.

"थंडी असेल आता तिथं."

"खूप. बर्फ पडेल म्हणतात."

"बाहेर झोपायचं म्हणजे," आई म्हणाली आणि थांबली. मग तिने चष्मा सारखा केला. "काय म्हणालीस गावाचं नाव? नोतो?"

"नोतो तो सगळा भाग. गाव वाजिमा. सुझू पण. तिथे जास्त झालंय."

"वाजिमा," आई म्हणाली. नीट आलं का हे बघायला तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "वाजिमा. आणि दुसरं काय? परत सांग."